सावनीच्या पत्रिकांची पालखी

शकुअक्काच्या घरातला कचऱ्याचा डबा भरलेला मी कधी पाहिला नाही. भरणार कसा? आमच्या धारवाडातल्या केलगेरीच्या गल्लीत लोक ज्याला कचरा म्हणतात ते सगळं तिच्या पलंगाखाली जाऊन बसायचं. पेढ्यांचे रिकामे खोके, साडीचे उसवलेले काठ, फुटक्या बांगड्या, अगरबत्तीच्या पुठ्ठ्याच्या नळ्या, तुटलेल्या माळांचे मणी, आणि लग्नपत्रिका. पत्रिकांचं काय करायचं हा प्रश्न सगळ्याच घरांत असतो. वर गणपती असतो, कुलदैवताचं नाव असतं. फेकवत नाही, जाळवत तर नाहीच. कुणी तळ्यात सोडतात, कुणी कपाटात कोंबून विसरून जातात. आमच्या गल्लीनं त्या शकुअक्काकडे पोचवायचा रिवाज पाडला होता.

मी भाग्यलक्ष्मी. मुलींच्या शाळेत तीस वर्षं मराठी शिकवलं, आणि त्याहून जास्त वर्षं शकुअक्काच्या भिंतीला भिंत लावून राहिले. तोंडाची फटकळ आहे. पुढं जे सांगणार आहे त्यात या तोंडानं काही वेळा बोलायचं ते बोललं नाही आणि नको ते बोललं, म्हणून आधीच सांगून ठेवते.

शकुंतला तिचं नाव, पण सगळी गल्ली अक्का म्हणते म्हणून मीही म्हणते. माझ्याहून तीनच वर्षांनी मोठी. नवरा पाटबंधारे खात्यात कारकून होता, तो गेल्यावर पेन्शनवर एकटी राहते. तिचा धंदा म्हणा, छंद म्हणा, रुखवताचा. लग्नात मुलीकडच्यांनी मांडवात टेबलावर मांडायच्या त्या शोभेच्या वस्तू. पूर्वी नवरी, तिच्या मावश्या, मैत्रिणी बसून करायच्या. आता कुणाला सवड आहे? आता ते शकुअक्का करते आणि लग्नात ‘आमच्या मुलीनं केलं’ म्हणून मांडलं जातं. सुपारीचे भटजी, बांगड्यांच्या काचांचं तुळशीवृंदावन, बेगड लावलेलं सूप, पुठ्ठ्याची विहीर, तिच्यावर बोटाएवढा रहाट, आणि तो फिरतो बरं का. मी एकदा तिला म्हटलं, "अग, तुझं नाव तरी घालत जा की कोपऱ्यात." तर म्हणाली, "रुखवतावर दोघांचीच नावं असतात, भागी. तिसरं कशाला?"

तिच्या कामाची एक रीत होती. पत्रिका कापायला घेतली की आधी ती मोठ्यानं वाचायची. अमुक यांची ज्येष्ठ कन्या, तमुक यांचे चिरंजीव. मग "सुखात असा रे बाबांनो" म्हणायची आणि कात्री उचलायची. पण नावांवरून कात्री चालवायची नाही. वेलबुट्टी कापायची, मोर कापायचे, सोनेरी पट्ट्या कापायच्या. नवरानवरीच्या नावाचा तुकडा मात्र अख्खा ठेवून वस्तूच्या पोटात घालून वरून कागद चिकटवायचा. म्हणजे एकीच्या रुखवतातल्या पालखीत दुसऱ्या कुणाचं तरी लग्न बसलेलं असायचं. तिला ते शुभ वाटायचं.

एकच खोका होता ज्याला तिनं हात लावला नव्हता. देवघराच्या खाली, लाल कापडात बांधलेला. त्यात सावनीच्या लग्नाच्या उरलेल्या पत्रिका होत्या.

सावनी तिची एकुलती एक. आठ वर्षांपूर्वी तिचं लग्न झालं हुबळीत, केशवापुरात. जावयाचं नाव साकेत, पंपांच्या सुट्या भागांचं दुकान. मुलगा देखणा, बोलायला गोड. शकुअक्कानं लेकीचं रुखवत दोन महिने खपून केलं होतं, बघायला मांडवात रांग लागली होती. आणि लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती तोवर एका सकाळी फोन आला की गॅस भडकला. आई-बाप धारवाडहून हुबळीला पोचेपर्यंत उशीर झाला होता. कागदावर अपघात असंच लिहिलं गेलं.

अपघात नव्हता तो. हे शकुअक्काला माहीत होतं, मला माहीत होतं, आणि तिच्या नवऱ्याला माहीत होतं, जो त्या दु:खानं दोन वर्षांत गेला. सावनी त्याआधी दोनदा माहेरी आली होती. दुसऱ्यांदा आली तेव्हा पाठ दाखवली होती तिनं आईला. मी तिथंच होते. आम्ही दोघींनी त्या पाठीला हळद लावली आणि चौथ्या दिवशी तिला बसमध्ये बसवून दिलं. मीही होते बसस्टँडवर, हे मी लपवत नाही. त्यानंतर अकराव्या दिवशी तो फोन आला. दिवसकार्य झाल्यावर तिच्या सासरच्या शेजारची एक बाई शकुअक्काला गाठून हलक्या आवाजात सांगून गेली की स्वयंपाकघराच्या दाराला बाहेरून कडी होती. पोलिसांपुढं ती बाई बोलली नाही. शकुअक्काही बोलली नाही. नवरा म्हणाला, पुरावा काय, आणि आता बोलून पोर परत येणार आहे का. मीही त्याचीच री ओढली होती.

यंदा माघात सुभाष रोडवरच्या परशुअण्णानं शकुअक्काकडे एक चिठ्ठी दिली. लग्नाचं सामान विकायचं दुकान त्याचं. रुखवताच्या ऑर्डरी तोच घेतो आणि तिच्याकडून करवून घेतो. चिठ्ठीवर सोनेरी अक्षरात करायची नावं लिहिलेली असतात. या चिठ्ठीवर लिहिलं होतं: साकेत–माया, अळणावर.

साकेत नावाची माणसं काय एक का असतात? पण शकुअक्कानं विचारलं. परशुअण्णा बिचारा सरळ माणूस, त्याला काय माहीत. तो म्हणाला, मुलगी अळणावरची, बाप लाकडाच्या वखारीत कारकून. मुलगा हुबळीचा, पंपांच्या सामानाचं दुकान, केशवापुरात, दुसरेपणाचा आहे पण माणसं चांगली.

ती चिठ्ठी मुठीत धरून ती माझ्याकडे आली. मी भाजी निवडत होते. तिनं चिठ्ठी माझ्या ताटात ठेवली आणि उभीच राहिली.

"भागी, त्या पोरीला सांगायला पाहिजे."

"काय सांगणार?" मी म्हटलं. "आणि कोण म्हणून सांगणार? सहा वर्षं गप्प बसलीस, आता लग्न मोडायला निघालीस म्हणतील. तोच तुझ्यावर उलटा दावा लावेल. होगली बिडु, अक्का. सोडून दे. परशुअण्णाला सांग, हे काम जमत नाही म्हणून."

"मग दुसरी कुणी करेल आणि त्या पोरीला काही कळणार नाही."

"जगातल्या सगळ्या पोरींचा मक्ता घेतलायस का तू?"

असं मी बोलले. तिनं चिठ्ठी उचलून पदराला पुसली आणि ती गेली. दुसऱ्या दिवसापासून तिच्या खिडकीतून कात्रीचा आवाज यायला लागला. मला वाटलं, विषय संपला. कामात मन घालतेय, बरं झालं. खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं होतं.

आठ-दहा दिवसांनी मी वाटीभर आमटी घेऊन गेले तर टेबलावर पालखी उभी. तिच्या हातून इतकी वर्षं मी काय काय झालेलं पाहिलं, पण तसलं नाही. हातभर लांब, छताला मण्यांच्या झालरी, दांड्याला साडीच्या काठाची गुंडाळी, चारी खांबांवर मोर. आत सुपारीची नवरानवरी, नवरीला नथसुद्धा होती, मोहरीच्या दाण्याएवढी. मी तोंडभरून कौतुक केलं. मग लक्षात आलं की मोर ओळखीचे आहेत. देवघराखाली बघितलं तर लाल कापड घडी घालून ठेवलेलं आणि खोका रिकामा.

"अक्का, सावनीच्या पत्रिका कापल्यास?"

"हं."

"सगळ्या?"

"नावं अख्खी ठेवलीत," ती म्हणाली, आणि तिनं सुपारीची नवरानवरी दोन बोटांनी उचलली. खाली, पालखीच्या तळाशी, पत्रिकेचा मधला तुकडा चिकटवला होता. चि. सौ. कां. सावनी आणि चि. साकेत. गाव, घराचा पत्ता, तारीख, सगळं. "नवरी मुलगी हे उचलून बघेलच ना. वाचेल. मग विचारेल घरात, ही कोण म्हणून."

मला इतका राग आला की आमटी हातातून सांडली. तिच्यावर की माझ्यावर, ते मला आजही सांगता येत नाही. मी म्हटलं, "कोण उचलतंय ग? रुखवताला कुणी हात तरी लावतं का? चार बायका येतात, छान छान म्हणतात, फोटो काढतात आणि जेवायला पळतात. दुसऱ्या दिवशी ते माळ्यावर. तुझी सावनी त्याच्याच माळ्यावर जाऊन पडेल, त्याच घरात, आणि या पोरीला काही कळायचं नाही. सांगायचंय ना तुला? मग तोंडानं सांग. मी येते बरोबर."

तिनं माझ्याकडे बघितलं. "तूच म्हणालीस सोडून दे म्हणून."

"म्हणाले. चुकले."

परशुअण्णाला तिनं कळवलं की माल नाजूक आहे, मी स्वत: नेऊन देते. सकाळच्या गाडीनं आम्ही अळणावरला गेलो. पालखी तिच्या मांडीवर, सूप आणि तुळशीवृंदावन माझ्या. वाटभर ती पालखीची झालर सावरत होती. मी मनातल्या मनात वाक्यं जुळवत होते. तीस वर्षं पोरींना निबंध लिहायला शिकवले आणि मला पहिलं वाक्य सुचत नव्हतं.

घर स्टेशनापासून जवळ, पुढं पडवी, दारात मांडवाच्या मेढी पुरलेल्या. मुलीची आई हिराबाई आमच्याहून लहान, पन्नाशीची, कामानं वाळलेली बाई. तिनं पाण्याचा तांब्या दिला, पोहे केले. पालखी बघून तिचा चेहरा फुलला. "यव्वा, किती सुंदर," म्हणाली, आणि आतल्या बाजूला हाक मारली, "माया, बघ ये तुझं रुखवत." मुलगी दारात येऊन उभी राहिली. सावळी, उंच, तीसएक वर्षांची. ती हसली आणि पालखीला हात न लावता लांबूनच बघत राहिली. मी अक्काकडे पाहिलं. अक्का पोह्यांच्या बशीकडे बघत होती.

मग मीच बोलले. "हिराबाई, ही शकुंतला. साकेतरावांच्या पहिल्या बायकोची आई."

हिराबाईनं हातातली बशी खाली ठेवली. मुलीला म्हणाली, "तू आत जा." मुलगी दाराआड झाली, पण तिच्या साडीचा काठ दिसत होता.

"पहिली गेली ते आम्हाला ठाऊक आहे," हिराबाई म्हणाली. "गॅसचं. त्यांनी काही लपवलं नाही."

"लपवलं," शकुअक्का म्हणाली. आता तिला आवाज फुटला होता, कोरडा, एकसुरी. तिनं सगळं सांगितलं. दोनदा माहेरी आलेली, पाठ, हळद, बस, फोन, आणि ती कडी. रडली नाही. "मी तिला परत पाठवली," असं दोनदा म्हणाली.

बाहेर कुणीतरी लाकडं फोडत होतं. मग हिराबाईनं विचारलं, "कडी तुम्ही बघितली?"

"शेजारणीनं सांगितलं."

"ती का नाही बोलली मग?"

"मीही बोलले नाही."

"मग मी आता काय करू, सांगा तुम्हीच." हिराबाईचा आवाज चढला नाही. "पोरीला मंगळ आहे. दोन ठिकाणी ठरून मोडलं. तिच्या पाठची चोवीस वर्षांची घरात बसलीय, थोरलीचं झाल्याशिवाय तिला कुणी विचारत नाही. या माणसानं काही मागितलं नाही, नुसती मुलगी द्या म्हणाला. पत्रिका वाटून झाल्यात. आता एका बाईनं दुसऱ्या बाईला कधीकाळी सांगितलं म्हणून मी मोडू? आणि मोडल्यावर हिला घेऊन कुठं जाऊ?"

कुठं जाऊ याचं उत्तर सहा वर्षांपूर्वी तरी आमच्याकडे कुठं होतं.

हिराबाई उठली. तिनं पालखी दोन्ही हातांनी उचलली, जपून, झालरीचा एक मणी गळू न देता, आणि शकुअक्काच्या मांडीवर ठेवली. "रागवू नका," म्हणाली. "हे घेऊन जा. तुमचे कष्ट वाया गेले, वाईट वाटतं. पण लेक गेलेल्या आईच्या हातचं, त्यात त्याच घरचं. शुभकार्यात नको."

मला राहवलं नाही. "जावई चालतो तुम्हाला," मी म्हटलं, "आणि कागद चालत नाही?"

ती माझ्याकडे वळली. डोळे भरलेले होते तिचे, हे मी पाहिलं. "कागद परत करता येतो, बाई," ती म्हणाली.

सूप आणि वृंदावन उचलायला मुलीला पाठवलं तिनं. माया आमच्याबरोबर रस्त्यापर्यंत आली. वस्तू माझ्या हातात देताना तिनं मागं घराकडे पाहून घेतलं आणि शकुअक्काला विचारलं, "तिनं हाका मारल्या असतील का हो? कुणीच ऐकल्या नाहीत?"

"ऐकल्या असतील," शकुअक्का म्हणाली. "ऐकणारे होते की सगळे."

मुलीनं मान हलवली, कुणी बसची वेळ सांगावी तशी. शकुअक्कानं तिचं मनगट धरलं. "पोरी, केलगेरीत तळ्याच्या वाटेवर कुणालाही विचार, रुखवतवाली अक्का म्हणून. कधीही ये. कुठल्याही वेळी ये."

माया हसली. आतून आलेलं, समजूतदार हसू होतं ते, मला ते बघवलं नाही. "आईपण तेच म्हणते," ती म्हणाली. "काही झालं तर कधीही ये, म्हणते." मग हात सोडवून घेऊन ती घरात गेली.

ते लग्न ठरल्या तारखेला झालं, हे इथंच सांगून टाकते. रुखवत हुबळीहून तयार आणलं म्हणे.

परतीच्या गाडीत गर्दी नव्हती. शकुअक्कानं पालखी समोरच्या रिकाम्या बाकावर ठेवली होती. मी बोलत होते. बोलायची सवय ना मला. आपण आपलं काम केलं, आता पुढं त्यांचं नशीब, निदान पोरीच्या कानावर तरी गेलं, असलं काहीबाही. मुगद स्टेशन गेलं तेव्हा तिनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवून मला थांबवलं.

"बसस्टँडवर तू तिकीट काढायला गेली होतीस ना, तेव्हाची गोष्ट," ती म्हणाली. "सावनी खिडकीत बसली होती. मी खाली उभी होते. मी तिला म्हटलं, काही झालं तर कधीही ये. तर ती म्हणाली, आई, आत्ता आलेय की मी."